दिल्ली–अल्माटी हवाई अंतर

दिल्ली–अल्माटी हवाई अंतर म्हणजे भारताची राजधानी आणि कझाकस्तानातील सर्वांत मोठे शहर अल्माटी यांच्यातील विमानमार्गाची लांबी. पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजल्यास ती सुमारे १,६४० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ मुंबई–कोलकाता अंतराएवढी भरते. दोन्ही शहरे ७७ अंश पूर्व रेखावृत्तानजीक वसलेली असल्याने नकाशावर अल्माटी दिल्लीच्या थेट उत्तरेस दिसते. एप्रिल २०२५ मध्ये मात्र विमानाला प्रत्यक्षात किती अंतर कापावे लागेल, हे ते कोणत्या देशाचे आहे यावर ठरू लागले.

सरळ रेषा आणि पर्वत

ही सरळ रेषा मनालीजवळून लडाख, सियाचीन, चीनमधील यारकंद आणि किर्गिझस्तानातील इसिक-कुल सरोवर असा प्रवास करते. प्रवासी विमाने दहा-बारा किलोमीटर उंचीवरून उडत असल्याने ८,६११ मीटरचे के-२ शिखरही त्यांच्या खालीच राहते. अडचण निराळी आहे. विमानातील हवेचा दाब अचानक घटल्यास वैमानिकाला त्वरेने सुमारे ३,००० मीटरपर्यंत उतरावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतील प्राणवायू थोडीच मिनिटे पुरतो. काराकोरमवर एवढे खाली उतरण्यास जागाच नाही. म्हणून नेहमीचा मार्ग पश्चिमेकडे झुकून पाकिस्तानवरून मध्य आशियात जातो.

हवाई हद्दीचा प्रश्न

१९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण सार्वभौमत्व आहे. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपली हद्द बंद केली. ती १६ जुलै २०१९ रोजी पूर्ववत खुली झाली. पहलगाम येथील हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा मज्जाव केला. ३० एप्रिलला भारतानेही पाकिस्तानी विमानांना आपली हद्द बंद केली. पुढे ही बंदी महिन्यामहिन्याने वाढवली गेली.

भारतीय विमानाला दिल्लीहून अल्माटीला जायचे तर आधी नैर्ऋत्येस गुजरातकडे, तेथून अरबी समुद्रावरून इराण आणि मग तुर्कमेनिस्तान-उझबेकिस्तानमार्गे ईशान्येस वळावे लागते. उत्तरेच्या गावाला जाण्यासाठी दक्षिणेकडे प्रस्थान! हा वळसा मूळ अंतराच्या तिपटीच्या आसपास जातो. इंडिगोने सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू केलेली दिल्ली–अल्माटी सेवा एप्रिल २०२५ च्या अखेरीस स्थगित केली; अल्माटी व ताश्कंद आपल्या ताफ्यातील विमानांच्या पल्ल्याबाहेर गेल्याचे कारण कंपनीने दिले.

बंदी भारतीय विमानांपुरती असल्याने एअर अस्तानासारख्या कझाक कंपनीला जुना, सुमारे साडेतीन-चार तासांचा मार्ग मोकळाच राहिला. परिणामी या मार्गावरील थेट प्रवास परदेशी कंपनीच्या हाती गेला. अल्माटीत वैद्यकीय शिक्षण घेणारे भारतीय विद्यार्थी आणि १४ दिवसांच्या व्हिसामुक्त प्रवेशामुळे तेथे जाणारे पर्यटक यांना याची झळ बसली. अंतर दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर मात्र तोच १,६४० चा आकडा दिसतो.

वेळेतील फरक

१ मार्च २०२४ पासून संपूर्ण कझाकस्तानात एकच प्रमाणवेळ लागू झाली. रेखावृत्त जवळपास तेच असूनही अल्माटीचे घड्याळ भारतापेक्षा अर्धा तास मागे असते. तिकिटावरील वेळा त्या त्या शहराच्या असल्याने जातानाचा प्रवास अर्ध्या तासाने कमी आणि परतीचा तेवढाच अधिक भासतो.