फुप्फुसात बुरशी येते कुठून? दोष दवाखान्याला देण्याआधी हे वाचा

छत्रपती संभाजीनगर : मे २०२१ मध्ये 'म्युकरमायकोसिस' हा अवघड शब्द आपल्या तालुक्यांतल्या पारापारावर पोहोचला. कोरोनातून सुटलेला माणूस गाल दुखतो, डोळा सुजला म्हणत पुन्हा दवाखान्यात जायचा. ॲम्फोटेरिसिन-बी इंजेक्शनसाठी नातेवाईक वणवण फिरत होते. त्याच्या वाटपाचा प्रश्न थेट उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला. त्याच दिवसांत फ्रिजमधल्या कांद्यावरच्या काळ्या थरामुळे हा आजार होतो, असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरले. कांद्यावरची ती बुरशी वेगळी, म्युकर वेगळी. पण मेसेज डॉक्टरांपेक्षा जोरात पळाला.

लाट ओसरली, प्रश्न तसाच राहिला. केमो चालू असलेला पेशंट, एचआयव्हीची औषधं सोडलेला माणूस, किडनी बदललेला, नाहीतर वर्षानुवर्षं शुगर वाढलेला शेतकरी यांना अचानक न्यूमोनिया होतो. घरचे म्हणतात, "इथं आणल्यावरच लागलं." कधी कधी ते खरंही असतं, रुग्णालयातून संसर्ग होतोच. पण पुष्कळदा जंतू घरूनच सोबत आलेला असतो.

बुरशीचं बघा. तिचे बीजाणू, म्हणजे डोळ्याला न दिसणारे बारीक कण, सगळीकडे आहेत. उकिरड्यात, शेणखतात, पावसात भिजून काळ्या पडलेल्या कडब्यात, ओल लागलेल्या मक्याच्या ढिगात. सिल्लोड-कन्नडकडे मका वाळवणारा, कुट्टी करणारा प्रत्येक जण ते रोज श्वासातून आत घेतो. निरोगी माणसाच्या फुप्फुसातल्या पेशी ते तिथल्या तिथे संपवतात. शुगर बेसुमार वाढली किंवा स्टेरॉइडमुळे या पेशी ढिल्या पडल्या की तोच कण आत रुजतो. म्युकर नाकातून डोळ्याकडे जातो तसा फुप्फुसातही उतरतो. तो एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे अशा पेशंटला वाळीत टाकायचं काही कारण नाही. पारव्यांच्या विष्ठेत सापडणारी क्रिप्टोकॉकस ही बुरशीसुद्धा श्वासातूनच शिरते आणि कमजोर शरीरात पुढे मेंदूपर्यंत जाते.

टीबीची तऱ्हा निराळी. तो आधीच अंगात झोपलेला असू शकतो. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांच्या शरीरात टीबीचा संसर्ग आढळला. हे लोक आजारी नव्हेत. बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. पण मधुमेह असला की टीबी उठण्याचा धोका दोन-तीन पटींनी वाढतो, आणि उपचार न घेणाऱ्या एचआयव्हीबाधितांमध्ये त्याहून कितीतरी जास्त.

तिसरा एक जंतू आहे, न्यूमोसिस्टिस. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या अनाथालयांत कुपोषित बाळं याच न्यूमोनियाने दगावत होती. जून १९८१ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांना तो झाल्याची नोंद छापून आली आणि जगाला एड्सची पहिली चाहूल लागली. याला आधी प्राणिजंतू समजत, १९८८ मध्ये ती बुरशी असल्याचं कळलं. पूर्वी वाटायचं, लहानपणी शिरतो आणि दबून बसतो. आता मात्र हवेतून एकाकडून दुसऱ्याकडे जातो याचेही पुरावे आहेत. एआरटी केंद्रात कोट्रायमोक्साझोलची साधी गोळी देतात ती मुख्यतः याच्यासाठी. "बरं वाटतंय" म्हणून ती स्वतःहून बंद करणं महागात पडतं.

म्हणजे जंतू हटवणं आपल्या हातात फारसं नाही. खरा प्रश्न हा, की शरीराची राखण कुणी मोडली? इथं आपल्याकडच्या एका सवयीबद्दल बोलावंच लागेल. गुडघेदुखीवर, दम्यावर नाव नसलेल्या पुड्या मिळतात. दोन दिवसांत गुण येतो, भूक वाढते, चेहरा गोल होतो. असल्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. त्याने शुगर चढते आणि प्रतिकारशक्ती घसरते, म्हणजे दोन्हीकडून मार. डिसेंबर २०२४ मध्ये ३४७ जिल्ह्यांत सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या टीबी मोहिमेत मधुमेही, वृद्ध, कमी वजनाचे अशांची तपासणी ठेवली होती. दिशा बरोबर आहे. पण पुड्या खाणाऱ्यांची यादी कुठल्याच मोहिमेत होत नाही, ती व्हायला हवी.

पुडी बरेच महिने चालू असेल तर एकदम बंदही करू नका. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं विसरलेलं असतं, चक्कर येऊन माणूस कोसळू शकतो. पुडी खिशात घालून डॉक्टरला दाखवा, ते हळूहळू कमी करतील. केमो किंवा स्टेरॉइड चालू असलेल्यांनी भिजलेला कडबा, कुट्टी, खताचा ढीग दुसऱ्याकडे सोपवावा. जमतच नसेल तर चांगला मास्क लावावा, नुसता गमछा पुरत नाही. दोन आठवडे खोकला, रोज ताप, चार पावलं चाललं की दम, यातलं काहीही दिसलं तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. आणि शुगर, एचआयव्ही, पुडी, जे असेल ते केसपेपर लिहितानाच सांगा. डॉक्टर कुठला जंतू शोधणार, हे त्यावरच ठरतं.