पाच हजारांचा गेम विकत घेतला, तरी आपण त्याचे मालक का नसतो?

उन्हाळ्याची सुट्टी, मामाचं घर, दुपारी झोपलेली मोठी माणसं आणि टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम. नव्वदच्या दशकातल्या पोरांना पुढचं काही सांगायची गरज नाही. कॅसेटवर '९९९९ इन १' असा स्टिकर आणि आत मोजून पंधरा-वीस गेम, तेच नावं बदलून फिरवलेले. गेम सुरू झाला नाही की कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत खुपसायची. (फुंकरीने काहीच होत नव्हतं. काढून परत बसवली की पिना नीट टेकायच्या, एवढंच. हे आपल्याला फार उशिरा कळलं.)

त्या कॅसेटबद्दल एक प्रश्न मात्र कुणाच्या डोक्यात कधी आला नाही, तो म्हणजे ही कॅसेट नक्की कुणाची? कारण ती आपलीच होती. शेजारच्याला दोन दिवस वापरायला दिली, वर्गातल्या पोराला मारिओ देऊन काँट्रा घेतला, कंटाळा आला की दुकानदाराला अर्ध्या किमतीत परत केली. कंपनीला विचारायचा संबंधच नव्हता. तसंही आपल्याकडे घरोघरी असलेले बरेचसे कन्सोल हे निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल होते, त्यामुळे मूळ कंपनीला आपण कधी खिजगणतीतही धरलं नाही.

आता ३१ मार्च २०२४ ला काय झालं ते बघा.

युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने 'द क्रू' नावाच्या गेमचे सर्व्हर बंद केले. डिसेंबर २०१४ मध्ये आलेला हा कार रेसिंगचा गेम होता आणि लोकांनी तो पूर्ण पैसे मोजून घेतला होता. पण गंमत अशी की एकट्याने खेळायचं असलं तरी त्याला कंपनीच्या सर्व्हरशी कनेक्ट राहावं लागायचं. सर्व्हर गेला आणि गेम मेला. कपाटात ओरिजिनल डिस्क असली तरी उपयोग शून्य. त्यानंतर तर लोकांच्या डिजिटल लायब्ररीतून गेमचं लायसन्सच काढून घेतलं गेलं. काही ग्राहक कॅलिफोर्नियात कोर्टात गेले. तिथे कंपनीचं म्हणणं साधं होतं, तुम्ही गेम विकत घेतलाच नव्हता, तुम्हाला तो वापरायची परवानगी मिळाली होती.

आता तुम्ही म्हणाल, पैसे घेताना तर 'बाय' असंच लिहिलं होतं की. भांडण नेमकं तिथेच आहे.

पण इथपर्यंत आलो कसे, ते समजून घ्यायला जरा मागे जावं लागेल.

१९७२ मध्ये अटारीचा 'पाँग' आला, १९७८ मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स', १९८० मध्ये 'पॅक-मॅन'. हे सगळे पार्लरमधले गेम. नाणं टाका, खेळा, मरा, परत नाणं टाका. गेम मुद्दाम अवघड ठेवायचे, कारण तुम्ही लवकर मेलात तरच पुढचं नाणं पडणार. म्हणजे गेमिंगची सुरुवातच भाड्याने झाली. मालकी आली ती घरगुती कन्सोल आणि कॅसेटमुळे.

तीही सुरळीत आली नाही. १९८३ च्या सुमारास अमेरिकेत कॅसेटींचा इतका पूर आला की बाजारच कोसळला. अटारीने 'ई.टी.' या गेमच्या न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचराडेपोत पुरल्या. लोकांना ही दंतकथाच वाटायची, पण २०१४ मध्ये खोदकाम झालं आणि कॅसेटी खरंच निघाल्या. जमिनीत पुरलेला गेम तीस वर्षांनी उकरून तरी काढता आला. सर्व्हर बंद केलेला गेम उकरायचा कुठून?

खरा बदल झाला २००३ मध्ये, जेव्हा व्हॉल्व्ह कंपनीने 'स्टीम' सुरू केलं. पुढच्या वर्षी 'हाफ-लाईफ २' आला, तेव्हा दुकानातून सीडी आणली तरी स्टीमवर अकाऊंट उघडल्याशिवाय तो चालत नव्हता. तेव्हा लोक वैतागले होते, नंतर सवय झाली. आणि सवय होण्यासारखं होतंच. सीडीवर ओरखडे पडायची भीती गेली, पॅच आपोआप येऊ लागले. आपल्याकडे तर पायरेटेड सीडीवर वाढलेल्या पोरांनी आयुष्यातला पहिला ओरिजिनल गेम घेतला तो अशाच एखाद्या सेलमध्ये. हा फायदा नाकारून चालणार नाही.

पण त्या बदल्यात गेलं काय? सेकंड हँड बाजार. कॅसेट विकता यायची, स्टीमवरचा गेम विकता येत नाही. एकाने घेतलेली डिस्क चौघांत फिरली की कंपनीला एकाचेच पैसे मिळायचे, आता चौघांनी चार वेळा घ्यायचा. कंपन्यांना डिजिटल इतकं का आवडलं, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

उरलेलं अर्धं उत्तर घोड्याच्या चिलखतात आहे. २००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' या गेममध्ये घोड्याला घालायचं चिलखत अडीच डॉलरला विकायला ठेवलं. गेमर्सनी जाम टिंगल केली, पण घेणाऱ्यांनी घेतलं. मग स्मार्टफोन आले, गेम फुकट झाले आणि पैसे कपड्यांचे, बंदुकीच्या रंगाचे, नाचायच्या स्टेपचे लागायला लागले. त्यातून लूट बॉक्स आले, म्हणजे पैसे भरायचे आणि आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमने २०१८ मध्ये त्याला सरळ जुगार ठरवलं. पार्लरमधलं नाणं परत आलं होतं, फक्त आता ते यूपीआयने पडतं.

आपल्याकडे हे सगळं कळलं ते पबजीमुळे. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाईल होता. ३० ऑक्टोबरला भारतातली सेवा पूर्ण थांबली. ज्यांनी स्किनवर हजारो रुपये घातले होते, त्यांच्या हातात काही उरलं नाही. पुढे २०२१ मध्ये बीजीएमआय आला आणि जुना डेटा हलवायची सोय मिळाली, म्हणून बरंच वाचलं. मग जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरवरून उडाला आणि मे २०२३ मध्ये परत आला. इथे कारण सरकारी होतं, कंपनीचा धंदा नव्हता, पण खेळणाऱ्यासाठी निकाल एकच. आपण ज्याला 'माझं' म्हणत होतो, त्याचं बटन दुसऱ्याच्या हातात होतं.

'द क्रू' प्रकरणानंतर एप्रिल २०२४ मध्ये रॉस स्कॉट या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. मागणी फार मोठी नाही. सर्व्हर कायम चालू ठेवा असं कुणी म्हणत नाहीये. बंद करताना विकलेला गेम चालेल अशा अवस्थेत सोडा, एवढंच. युरोपियन युनियनमध्ये नागरिकांच्या अर्जाची दखल घ्यायला १० लाख सह्या लागतात, त्या २०२५ मध्ये ओलांडल्या गेल्या.

कंपन्यांचीही बाजू आहे. सर्व्हरच्या कोडमध्ये दुसऱ्यांकडून घेतलेलं सॉफ्टवेअर असतं, ते वाटता येत नाही. गाड्यांची आणि गाण्यांची लायसन्स ठरावीक मुदतीची असतात. खासगी सर्व्हरवर कुणी गैरप्रकार केला तर जबाबदार कोण? हे मुद्दे खोटे नाहीत. पण याच युबिसॉफ्टने गदारोळानंतर 'द क्रू २' ला ऑफलाइन मोड द्यायचं जाहीर केलं. म्हणजे जमत नव्हतं असं नाही, आधी गरज वाटत नव्हती.

कायद्याने पहिलं पाऊल टाकलं ते कॅलिफोर्नियाने. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तू 'विकताना' ती फक्त लायसन्स आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. स्टीमने त्याआधीच पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला. पण त्याचा रोख पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे, विकत घेतलेल्या गेमच्या मालकीवर नाही. आपल्या उपयोगाचं काही असेल तर ते २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सापडतं. वाजवी कारण नसताना एकतर्फी करार मोडायचा अधिकार एकाच बाजूला देणारा करार हा तिथे 'अनुचित करार' ठरू शकतो. फक्त त्याची तक्रार जिल्हा आयोगाकडे होत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. पाच हजारांच्या गेमसाठी कोण मुंबईला खेटे घालणार, हा प्रश्न उरतोच.

तोपर्यंत आपल्या हातात एवढंच आहे की घेण्याआधी हा गेम नेट बंद करून चालतो का, ते बघायचं. जीओजीसारख्या साइटवर गेमची फाईल उतरवून आपल्याकडे ठेवता येते, कंपनी उद्या बंद पडली तरी ती चालते. आणि कॅसेट घेतली म्हणजे गेम आपला, या भरवशावर राहू नका. जून २०२५ मध्ये निन्टेंडोचा स्विच २ आला, त्याच्या काही कॅसेटींमध्ये गेमच नाही. आत फक्त एक किल्ली आहे, ती लावायची आणि गेम नेटवरून डाउनलोड करायचा. कॅसेट दुसऱ्याला देता येते, विकताही येते, पण ज्या दिवशी डाउनलोडचा सर्व्हर बंद होईल, त्या दिवशी तिच्यावर कितीही फुंकर मारली तरी काही चालू होणार नाही.