ओटीपी कोणाच्या हातात? नाशिक रोडच्या वस्त्या आणि मोबाईल साक्षरता

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची केली. मुदत आधी १८ नोव्हेंबर होती, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. का वाढवावी लागली, हे देवळाली गाव, जेल रोड, उपनगर अशा कोणत्याही भागातल्या वस्तीत गेले की कळते. संकेतस्थळ उघडायचे, आधार क्रमांक टाकायचा, कॅप्चाची वाकडीतिकडी अक्षरे ओळखायची, ओटीपी आला की वेळ संपण्याआधी भरायचा. मग पती किंवा वडिलांचा आधार आणि त्यांच्या मोबाईलवरचा ओटीपी. विधवा आणि परित्यक्ता बहिणींनी काय करायचे, याचा खुलासा मुदत वाढवताना झाला. महिन्याचे १५०० रुपये या एवढ्या पायऱ्यांच्या पलीकडे ठेवलेले.

धुणीभांडी करणारी आमची आई या पायऱ्या स्वतः चढत नाही. ती फोन दुसऱ्याच्या हातात देते. कधी भाच्याच्या, कधी फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराच्या. ओटीपी आला की तो दुकानात सर्वांसमोर मोठ्याने वाचला जातो. ओटीपी कोणालाही सांगू नका, अशी सूचना त्याच मेसेजमध्ये असते, पण ती बहुधा इंग्रजीत. सरकारी कामाचा रिवाज मात्र ओटीपी सांगण्याचाच! ज्या बाईला सरकारी कामासाठी दहा वेळा ओटीपी सांगायची सवय लावली, तिने अकराव्या वेळी भामट्याला सांगितला तर दोष तिचा कसा?

यावर सरकारकडे काहीच उत्तर नव्हते असे नाही. केंद्राने २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान सुरू केले. मार्च २०२४ मध्ये ते संपले, तोवर ६ कोटींहून अधिक लोकांना वीस तासांचे प्रशिक्षण दिल्याची सरकारी नोंद आहे. पण अट पाहा : अभियान फक्त ग्रामीण भागासाठी, वय १४ ते ६०, आणि एका कुटुंबातून एकच व्यक्ती. नाशिक रोड महापालिकेच्या हद्दीत येते. म्हणजे इथल्या झोपडपट्टीतली साठी ओलांडलेली आजी शहरात राहते म्हणूनही बाहेर आणि वयामुळेही बाहेर. शहरात राहतो तो आपोआप शिकतो, असे दिल्लीत कोणीतरी गृहीत धरले असावे. ई-केवायसी, हयातीचा दाखला, रेशनची पडताळणी यांची सक्ती करताना मात्र शहर आणि खेडे असा भेद नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५४ टक्के महिलांकडे स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता. त्यातल्या ७१ टक्के महिलांना त्यावरचा मेसेज वाचता येत होता. म्हणजे फोन असूनही मेसेज वाचता न येणाऱ्या महिला दहांत जवळपास तीन. बाकीच्यांकडे तर फोनच नाही, आणि योजना सगळ्या फोनमधून येतात.

नाशिक रोडला या गोष्टीची आणखी एक बाजू आहे. इथे १९२८ पासून नोटांचा छापखाना आहे. अनेक घरांतल्या दोन-दोन पिढ्यांनी प्रेसमध्ये नोकरी केली. त्याच घरातली कुटुंब निवृत्तिवेतन घेणारी आजी आज फोनवरून शंभर रुपये पाठवायला घाबरते. ३० डिसेंबर २०१६ रोजी पंतप्रधानांनी भीम अ‍ॅप आणले आणि हे नाव बाबासाहेबांवरून असल्याचे सांगितले. नाव आमच्या बापाचे, पण ते चालवायला शिकवण्याची तजवीज वस्तीपर्यंत आली नाही.

आता आपल्याकडे वळू. आपल्या तरुणांकडे फोन आहे, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरता भरता ते या कामात तरबेजही झालेत. पण आईने काही विचारले की उत्तर ठरलेले : "दे इकडे, मी करतो." काम दोन मिनिटांत होते आणि आई होती तिथेच राहते. शिकवायला वीस मिनिटे लागतात, तीही चार वेळा. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली, तेव्हा त्यांना अर्ज लिहून देणे सोपे होते. त्यांनी अक्षर शिकवले.

जागेची अडचण नाही. वस्तीवस्तीत विहार आहे. आषाढ ते आश्विन पौर्णिमा वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन होते, तेव्हा सगळ्यात आधी येऊन बसतात त्या याच उपासिका. वाचनानंतरचा अर्धा तास पुरेसा आहे.

शिकवायचे काय? संगणकाचा इतिहास नको. आधी आधारला कोणता नंबर जोडला आहे ते पाहावे. पुष्कळदा तो रिचार्जअभावी बंद पडलेला असतो किंवा घर सोडून गेलेल्या मुलाचा असतो, आणि सगळे अर्ज तिथेच अडतात. मग पैसे जमा झाल्याचा मेसेज ओळखणे. मग एकच नियम घोटून घ्यावा : पैसे देताना पिन लागतो, घेताना कधीच लागत नाही. क्यूआर कोड दाखवून "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणणारा चोरच. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या गणवेशात दिसणाराही चोर, कारण 'डिजिटल अटक' नावाची गोष्ट कायद्यात नाही. फसवणूक झालीच तर लाज न धरता ताबडतोब १९३० ला फोन करावा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त. काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. योगायोगच, पण नाशिकच्या आजीला हा आकडा वेगळा पाठ करावा लागणार नाही.

काही कार्यकर्ते म्हणतील, सरकारचे काम आपण का करायचे? आक्षेप खरा आहे. केरळने ऑगस्ट २०२५ मध्ये संपूर्ण डिजिटल साक्षर राज्य झाल्याचे जाहीर केले. तिथे स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन सुमारे २२ लाख लोकांना शिकवले, शंभरी ओलांडलेल्यांनाही. पण आराखडा सरकारचा होता. इथेही 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रम शहरांना लागू आहे, आणि त्यात डिजिटल साक्षरता धरलेली आहे. महापालिकेच्या शाळांमधून हे वर्ग आपल्या प्रभागात का दिसत नाहीत, हे निवेदन देऊन विचारलेच पाहिजे. मात्र उत्तर येईपर्यंत हप्ता थांबत नाही, आणि भामटेही थांबत नाहीत.

एक अडचण मात्र घरातलीच आहे. आई शिकली की खात्यात किती आहेत ते तिला कळते, आणि कोणी किती काढले तेही कळते. त्यावरून घरात कुरबुर होणार. विहारात शिकवणारा मुलगा आणि घरी आईचा पिन वापरणारा मुलगा पुष्कळदा एकच असतो. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येक माउलीला स्वतःचा पिन बदलायला लावावा. ती तो टाकत असताना शिकवणाऱ्याने दुसरीकडे बघावे.