कप्तानपद कोणाचे?

जॅकी रॉबिन्सन १९४५ मध्ये कान्सास सिटी मोनार्क्स या कृष्णवर्णीयांच्या संघात शॉर्टस्टॉप होता. १९४७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सने त्याला घेतले. बेसबॉल कधी न पाहिलेल्या आपल्याकडच्या वाचकालाही हे नाव ठाऊक असते. पालवणकर बंधूंची नावे मात्र घरात मुलांना सांगितली जात नाहीत.

थोरला बाळू चर्मकार समाजातला. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदान राखायचा, पगार महिना चार रुपये. सरावात साहेबांना चेंडू टाकता टाकता डावखुरी फिरकी हातात बसली. गोऱ्यांना हरवायचे तर हा गोलंदाज हवाच, हे पुण्याच्या हिंदू क्लबाने ओळखले. मैदानात सगळे त्याच्याच हातून चेंडू घेत. चहाच्या वेळी त्याला पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात चहा. चेंडूला विटाळ नाही आणि कपाला आहे, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे कोण जाणे!

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. हिंदू संघाचे कप्तानपद मात्र रीतसर कधीच मिळाले नाही. १९२० मध्ये चौरंगी सामन्यांसाठी त्याला डावलले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे धाकटे भाऊ संघाबाहेर पडले. सख्ख्या भावांनी एवढे करावे, यात मला त्या काळातली सर्वांत मोठी खेळी दिसते.

१९२३ मध्ये विठ्ठल कप्तान झाला, हिंदूंनी चषक जिंकला आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतले. बाळूचे खेळायचे दिवस तोवर सरले होते.