रानम्हशीचा चिखल कोणी आटवला?

चळवळीतल्या तरुणांशी हवामानबदलाबद्दल बोलायला गेलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं. हा पोट भरलेल्यांचा विषय आहे, ताडोबात जिप्सीत बसून वाघाचे फोटो काढणाऱ्यांचा. अत्याचाराची प्रकरणं, अडकलेली शिष्यवृत्ती, रखडलेली पदभरती यांतून सवड मिळाली तर बघू. या उत्तरात तथ्य आहे. या राज्यात पर्यावरणावर जे आजवर बोलले, त्यांतल्या बहुतेकांना जंगल दिसलं, जंगलातला माणूस दिसला नाही. दिसला तो अतिक्रमणदार म्हणून. पण विषय त्यांनी बळकावला म्हणून आपण तो सोडून द्यायचा, हे आम्हाला मान्य नाही.

भामरागडकडे बघा. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्या इथे एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचा जगाशी संबंध तुटतो. आणि उन्हाळ्यात याच मुलखातले नाले कोरडे ठाक पडतात. हवा तापली की ती जास्त बाष्प धरते. त्यामुळे पाऊस येतो तो कोसळतच येतो, आणि दोन पावसांच्या मधली ओल ऊन लवकर ओढून घेतं. शेजारच्या चंद्रपुरात पारा ४७ अंशांवर जातो, ही आता बातमीही राहिलेली नाही.

याच इंद्रावतीच्या खोऱ्यात, भामरागडच्या दक्षिणेला, कोलामार्काचं जंगल आहे. महाराष्ट्रातल्या शेवटच्या रानम्हशी तिथे आहेत. २०१३ साली त्यांच्यासाठी तिथलं सुमारे १८० चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं. नदीपलीकडे छत्तीसगडचा इंद्रावती व्याघ्रप्रकल्प आहे आणि म्हशींना राज्याची सीमा कळत नाही, त्या ये-जा करतात. एकेकाळी मध्य भारतभर असलेला हा प्राणी शिकार, शेतीचा विस्तार आणि गुरांचे रोग यांनी आधीच संपत आणला होता. सगळं खापर तापमानावर फोडणं खोटं ठरेल. तापमान आता घाव घालतंय तो उरलेल्यांवर.

म्हैस पाळलेल्या माणसाला यातली अडचण समजावून सांगावी लागत नाही. काळी जाड कातडी, घामाच्या ग्रंथी कमी. अंग थंड ठेवायला तिला पाण्यात डुंबावं लागतं, चिखलात लोळावं लागतं. गोठ्यातल्या म्हशीवर निदान कोणी बादलीभर पाणी ओततं. रानम्हशीला डोह लागतो, आणि तो मे महिन्यातही ओला असावा लागतो. डोह आटत जातात तशा रानम्हशी आणि गावची गुरं एकाच डबक्यावर येतात. मग गुरांचा खुरकूत रानम्हशींना लागण्याची भीती, गावच्या रेड्याशी संकर होऊन मूळ वाण हरवण्याची भीती. म्हणजे नुसत्या उष्माघातानेच जनावर मरतं असं नाही. पाण्याची जागा आकसली की तिथूनच बाकीचे धोके सुरू होतात. छत्तीसगडने उदंतीच्या रानम्हशीचा क्लोन कर्नालच्या प्रयोगशाळेत तयार करवून घेतला होता, २०१४ साली. विज्ञान म्हणून ठीक आहे, पण क्लोनलाही डुंबायला चिखल लागतोच.

अस्वलाचंही असंच. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. पहाटे बाया टोपल्या घेऊन झाडाखाली जातात आणि अस्वलही त्याच फुलांसाठी त्याच झाडाखाली येतं. पुढे मे महिन्यात तेंदूपानं. ऊन लवकर चढू लागलं म्हणून माणूस आणखी अंधारात निघणार, आणि पाणवठे कमी झाले म्हणून जनावर गावाच्या आणखी जवळ सरकणार. चंद्रपूर-गडचिरोलीत वाघ-अस्वलाच्या हल्ल्यात कोण मरतं, याची यादी काढून वाचा. मोह-तेंदू वेचणारे, गुराखी, सरपणाला गेलेल्या बाया. त्यांत जिप्सीतला माणूस शोधून सापडणार नाही.

आता हे तापवलं कोणी? चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॉटचं आहे आणि भोवती कोळशाच्या खाणी आहेत. तिथली राख आणि धूर चंद्रपूरच्या वाट्याला, वीज राज्यभर, आणि भामरागडच्या पाड्यांवर पावसाळ्यात दिवे कधी जातील याचा नेम नाही. आम्ही विजेच्या विरोधात नाही. बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, १९४३ साली, स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला होता, कारण उद्योगाशिवाय इथला माणूस जमिनीच्या गुलामीतून सुटणार नाही हे त्यांना दिसत होतं. म्हणून कंदिलाच्या उजेडातलं साधं जीवन आदिवासींना शिकवणाऱ्यांशीही आमचं जमत नाही. आमचा सवाल वाटपाचा आहे. फायदा कोणाच्या पदरात आणि चटका कोणाच्या अंगाला?

महाडला २० मार्च १९२७ रोजी आपण चवदार तळ्यावर गेलो. त्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, माणसाला बंदी होती. पण गुरांना हाकला, अशी मागणी कोणी केली नव्हती. मागणी माणसाच्या हक्काची होती. कोलामार्कात, ताडोबात, भामरागड अभयारण्यात आज उलट मांडणी केली जाते. जनावर वाचवायचं तर माणूस उठवा. आणि ज्या जिल्ह्यात मोह वेचणाऱ्या बाईमुळे जंगल धोक्यात येतं असं सांगितलं जातं, त्याच जिल्ह्यात एटापल्लीजवळ सुरजागडच्या डोंगरात ३४८ हेक्टरांच्या पट्ट्यात लोहखनिज काढलं जातं आणि २०२३ साली उत्खननाची मर्यादा वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेली जाते. त्या डोंगरावर माडियांचा ठाकूरदेव आहे. रानम्हशीचा शत्रू कोण, हे ठरवताना हा आकडा कोणी समोर ठेवत नाही.

कायदा मात्र आपल्या बाजूने आहे, हे फार थोड्या कार्यकर्त्यांना ठाऊक असतं. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ ग्रामसभेला जंगल, वन्यजीव आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार देतं. कलम ४(२) सांगतं की वन्यजीवांसाठी लोकांना हलवायचं असेल तर आधी त्यांचे हक्क मान्य झाले पाहिजेत, सहजीवन शक्य नाही हे दाखवलं पाहिजे आणि ग्रामसभेची संमती पाहिजे. मेंढा (लेखा) गावाने २००९ सालीच सामूहिक वनहक्क मिळवला. कोणता नाला बांधायचा, कोणता डोह गुरांसाठी आणि कोणता जनावरांसाठी सोडायचा, वणवा कुठे रोखायचा, हे ग्रामसभा ठरवू शकते. वणव्याच्या बाबतीत आपल्या माणसांनाही सांगावं लागेल. मोहाखालचा पाला पेटवायची सवय आता परवडणारी नाही. झाडून घ्यायला वेळ लागतो, पण आग एकदा सुटली तर या उन्हात आवरत नाही.

ग्रामसभा म्हटलं की भाबडं व्हायचंही कारण नाही. बाबासाहेबांनी घटना समितीत खेड्याचं जे वर्णन केलं, ते विसरून ग्रामसभेची पूजा मांडणाऱ्यांपासून आम्ही सावध आहोत. मिश्र वस्तीच्या गावात वनहक्क समितीवर कोण बसतं, बौद्ध वस्तीतल्या भूमिहीन बाईचं म्हणणं ठरावात उतरतं का, हे बघावंच लागेल. तिथेच आपलं खरं काम आहे. या दोन जिल्ह्यांतली बौद्ध कुटुंबं अनुसूचित जमातीत येत नाहीत. कायद्याच्या भाषेत ती इतर पारंपरिक वननिवासी. त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. १९३० सालचा कागद कोणत्या महाराच्या घरात असणार? त्यात काही ठिकाणी अधिकारी त्याच जमिनीवरच्या ७५ वर्षांच्या ताब्याचा पुरावा मागतात. कायदा तसं म्हणत नाही. ७५ वर्षं लागतात ती वास्तव्याची आणि वनावर अवलंबून असण्याची.

नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदवलेला जबाब त्यात बसतो. जुनी विहीर, बांध, स्मशानभूमी या खुणाही बसतात. एकाहून जास्त पुरावे जोडायचे असतात, म्हणून जबाबासोबत विहिरीचा किंवा स्मशानभूमीचा पंचनामा जोडा. जबाब देऊ शकणारी म्हातारी माणसं आता ऐंशी-नव्वदीत आहेत आणि मोहाचा हंगाम लागला की गावात दिवसा कोणी भेटत नाही. वह्या घेऊन जायचं ते त्याआधी, थंडीतच.