पेरू कापण्याआधी रंगवा

इंटरमिजिएटची परीक्षा झाली आणि ज्यांनी रंगपेटी माळ्यावर टाकली, त्या सगळ्यांना सांगणं आहे : ती खाली काढा. मंडईतून दोन पेरू आणा, जमलं तर देठाला पानं असलेले. पेरूवाल्याकडे मागितली तर दोन-चार पानं तो सहज देईल.

मोबाइलवरचा फोटो समोर ठेवून रंगवू नका. फोटोत सावली नुसती काळी ठिक्कर पडते. खऱ्या पेरूच्या सावलीत टेबलाचा रंग असतो, शेजारच्या पानाचा हिरवट उजेड असतो. म्हणून मांडणी खिडकीशी करा, ट्यूबलाइट बंद ठेवा. ऊन सरकतं, तेव्हा टेबलावर पडलेल्या सावलीची कड आधीच हलक्या पेन्सिलीने आखून घ्या. कागद जरा जाड, ३०० जीएसएमचा असला तर बरं. साधा कार्ट्रिज पाणी लागताच फुगतो.

परीक्षेने आपल्याला एक खोड लावली आहे. ठळक रेघ काढायची, आत रंग भरायचा आणि शेवटी पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन फळ ‘चमकवायचं’. जलरंगात पांढरा म्हणजे कागदच. उजेडाची जागा पहिल्यापासून कोरी सोडावी लागते. सेझानने उतारवयात केलेली जलरंगातली स्थिरचित्रं पाहा, अर्धाअधिक कागद तसाच मोकळा आहे, तरी फळं भरीव वाटतात. पेरूची साल जांभळासारखी तुकतुकीत नसते, त्यामुळे त्याच्यावरच्या उजेडाला धारदार कड नको. ओल्या ब्रशने ती कड जरा विरघळू द्या. आणि रंग वाटतो त्याहून गडद लावा, वाळला की तो फिका पडतो.

आता पानं. चित्र फसतं ते बहुतेक इथेच. ट्यूबमधला सॅप ग्रीन जसाच्या तसा फासला की पान प्लॅस्टिकचं दिसतं. त्यात किंचित बर्न्ट सायना घाला, उजेडाकडे लेमन यलो, सावलीकडे अल्ट्रामरीन. पेरूचं पान हातात घेऊन नीट पाहा : वरून शिरा खोल रुतलेल्या, आणि उलटं केलं की त्याच शिरा वर उठलेल्या. खालची बाजू फिकी, जरा राखाडी. एक पान मुद्दाम उलटं ठेवलंत तर एकाच झाडाचे दोन हिरवे आयते मिळतात. शिरा गडद रेघांनी काढू नका. दोन शिरांमधला फुगवटा रंगवा, शीर आपोआप उरते.

काळ्या रंगाची ट्यूब मात्र पेटीतच राहू द्या. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना मिसळून हवा तेवढा गडद करडा होतो, आणि त्यात जीव असतो.

पार्श्वभूमीला धुतलेला जुना पंचा पुरे. (परीक्षेतल्या त्या निळ्या चुणीदार पडद्याचा नाद एकदाचा सोडा.)

एखादी जागा बिघडली तर घासत बसू नका. जलरंगाला दुरुस्ती मानवत नाही. तिसऱ्या हाताला रंग मळतो, कागदाचे तंतू उठतात. दुसरा कागद घ्या. कच्चा पेरू दोन-तीन दिवस टिकतो, आणि पिवळा पडलाच तर पुढच्या चित्राला लेमन यलो जास्त लागेल, एवढंच.