कृश देहातील मेद

पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत १९९३ साली एका संशोधनास प्रारंभ झाला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा चमू आणि इंग्लंडमधील साउदॅम्पटनचे शास्त्रज्ञ यांनी तेथील स्त्रियांची नोंद त्यांना दिवस जाण्याच्याही आधीपासून ठेवली. ती स्त्री काय खाते, किती राबते, तिच्या रक्तात कोणती जीवनसत्त्वे आहेत आणि तिचे मूल जन्मतः किती वजनाचे भरते, हे सारे टिपले गेले. सुमारे आठशे गर्भारपणांची ही वही पुढे मिटली नाही. मुले सहा वर्षांची झाली, बारांची झाली, अठरांची झाली. दर टप्प्यावर त्यांना पुन्हा तपासण्यात आले. इतक्या चिकाटीचे काम आपल्याकडे विरळाच. दुर्दैव असे, की जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत ज्याची चर्चा झाली, ते पुण्यातल्याच कित्येक सुशिक्षित घरांना ठाऊक नाही.

पहिला धक्का जन्माच्या वेळीच बसला. साउदॅम्पटनचे बाळ सरासरी साडेतीन किलोचे, तर या खेड्यांतील बाळ २.७ किलोचे. यात नवल नव्हते. नवल पुढेच होते. बाळाचे हातपाय काटकुळे, पोट बारीक, स्नायू तुटपुंजे. पण पाठीवरच्या कातडीखालील मेद मोजला, तर तो इंग्रज बाळाच्या जवळपास बरोबरीचा! २००३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा अशा बाळाला 'थिन-फॅट' असे नाव पडले. दिसायला कृश, आतून मेदयुक्त.

मधुमेह म्हणजे सुखवस्तूंचा आजार, गोडधोड खाणाऱ्यांचा आणि पोट सुटलेल्या शेटजींचा आजार, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. या मुलांनी ती खोटी ठरवली. अठराव्या वर्षी त्यांच्या रक्तातील साखर तपासली, तेव्हा मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळले. खेड्यात वाढलेली, शेतकऱ्यांच्या घरची, पुष्कळशी अंगाने किडकिडीत अशी ही तरुण पोरे. शहरी चैनीचा दोष त्यांच्या माथी मारता येणार नाही.

याचे कारण समजण्यास अवघड नाही. जेवल्यानंतर रक्तात उतरणारी साखर प्रामुख्याने स्नायू शोषून घेतात. स्नायूच अपुरे असतील, तर ती साखर रक्तातच रेंगाळते. ती आवरण्यासाठी स्वादुपिंडाला अधिकाधिक इन्शुलिन पाझरावे लागते, आणि गर्भातच खुरटलेले स्वादुपिंड फार काळ हा ताण सोसू शकत नाही. उरलेली साखर मेद होऊन पोटातील अवयवांभोवती साचते. वजनकाटा हे काहीच सांगत नाही. याच विषयावर २००४ साली 'लॅन्सेट' या प्रख्यात नियतकालिकात दोन डॉक्टरांचे शेजारी-शेजारी छायाचित्र झळकले होते. एक स्वतः याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. युडकिन. उंची-वजनाचे गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी एकच: २२.३. शरीरातील मेद मात्र इंग्रज गृहस्थांचा ९.१ टक्के आणि पुणेकर गृहस्थांचा २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांनी आपला व्यायाम कोणता, तर रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी गाठण्यासाठी केलेली धावपळ, असे मिस्कीलपणे नमूद केले होते. स्वतःच्या देहावर असे जाहीर भाष्य करण्याचा प्रामाणिकपणा आपल्या सार्वजनिक जीवनात आणखी थोडा असता, तर बरे झाले असते.

परंतु या संशोधनाचा गाभा छायाचित्रात नाही, तो स्वयंपाकघरात आहे. बाळाचे वजन कशावर अवलंबून होते, याचा शोध पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील डॉ. शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. आईने एकूण किती उष्मांक पोटात घातले, याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो पालेभाजी, दूध आणि फळे यांच्याशी. ज्या स्त्रियांच्या ताटात हे पदार्थ वरचेवर येत होते, त्यांची बाळे अधिक भरलेली निघाली. दुसरी गोष्ट कष्टांची. गरोदरपणीही विहिरीवरून पाणी आणणे, शेतातली कामे आणि धुणी ज्यांना चुकली नाहीत, त्यांची बाळे तुलनेने लहान भरली. शहरातील माणूस हालचालीअभावी आजारी पडतो आणि खेड्यातील गर्भवती अतिश्रमाने झिजते. 'व्यायाम करा' हा उपदेश सरसकट सर्वांना करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. या मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्या शरीरात फोलेट भरपूर आणि बी-१२ मात्र अपुरे, अशा मातांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. शाकाहाराचा अभिमान बाळगणाऱ्या घरांनी हे वाचून रागावण्याचे कारण नाही. शाकाहार उत्तम, परंतु तो ज्या गृहीतावर उभा होता, ते गृहीत होते घरच्या दुभत्याचे. दूध घरातील पुरुषांना आणि मुलग्यांना, ताक सुनेला, आणि उरले नाही तर तेही नाही, असा व्यवहार असेल, तर त्या शाकाहारात सुनेच्या वाट्याला उरते काय? घरातील स्त्री सर्वांत शेवटी जेवते, याला आपण त्याग म्हणून गौरवीत आलो. त्या गौरवाची किंमत तिच्या पोटातील बाळ मोजते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९ ते २०२१ या काळात पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय होता. मातृशक्तीच्या जयजयकाराने त्यांचे हिमोग्लोबिन वाढत नाही.

मध्यमवर्गीय घराची कथा निराळी, तरी शेवट तोच. 'आपला पारंपरिक आहार मुळातच शास्त्रशुद्ध' हे वाक्य समारंभांतून नेहमी ऐकू येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने २०२३ साली भारतातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख असल्याचे दाखविले. त्याच पाहणीतील आहाराचा भाग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय माणूस आपल्या उष्मांकांपैकी ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून घेतो. पांढरा भात, दळलेले धान्य, साखर. प्रथिनांचा वाटा जेमतेम १२ टक्के. आणखी एक निष्कर्ष भल्याभल्यांची निराशा करणारा आहे. भाताच्या जागी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ आले, पण पिष्टाचे एकूण प्रमाण तेच राहिले, तर मधुमेहाचा धोका कमी झाल्याचे दिसले नाही. भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे झाले, ते योग्यच झाले. ज्वारी कोरडवाहू शेतकऱ्याचा आधार आहे. परंतु चार पोळ्यांच्या जागी चार भाकऱ्या आल्याने काम भागत नाही. भाकरी दोनच हवी, आणि तिच्यासोबत वाटीभर घट्ट पिठले, उसळ, पालेभाजी, दही हवे.

आणि उपवास! आहारसंयमाची याहून सुंदर कल्पना जगात क्वचितच असेल, परंतु 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण काही शत्रूने रचलेली नाही. उपवासाची म्हणून जी साबुदाण्याची खिचडी आपण श्रद्धेने खातो, तिच्यातील साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची हे चौघेही मूळचे दक्षिण किंवा मध्य अमेरिकेचे. सागरी व्यापाराच्या युगात ते येथे आले आणि आमच्या एकादशीत जाऊन बसले. पाहुण्याला नावे ठेवू नयेत. पण साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, आणि मधुमेही आजोबांच्या ताटात तो वाढताना परंपरेचा हवाला देणे बरे नव्हे.

हालचालीविषयी शास्त्राला आता फारशी शंका उरलेली नाही. १९५३ साली जेरी मॉरिस या इंग्रज वैद्याने लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना केली होती. दिवसभर आसनावर बसणाऱ्या चालकापेक्षा जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकाला हृदयविकार बराच कमी होता. भारतीयांपुरता महत्त्वाचा पुरावा मात्र चेन्नईचा आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ जणांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. काहीही विशेष न केलेल्या गटातील ५५ टक्के लोक सुमारे तीन वर्षांत मधुमेही झाले, तर रोज अर्धा तास भरभर चालणे आणि आहारातील बदल पाळणाऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर राहिले. विशेष म्हणजे या गटाचे वजन घटलेच नव्हते. काट्यावर फरक दिसत नाही म्हणून चालणे सोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतातील जवळपास निम्मे प्रौढ तेवढाही करीत नाहीत, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक आहे. ज्या महाराष्ट्रात औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातील शाळाशाळांतून सूर्यनमस्कार रुजविले, त्या महाराष्ट्राला हे शोभत नाही. सार्वजनिक काम करणाऱ्यांची स्थिती तर अधिकच बिकट. बालपणी मैदानावर जोर-बैठका काढणारा कार्यकर्ता चाळिशीनंतर केवळ बैठकाच घेतो, आणि प्रत्येक बैठकीत साखरेचा चहा.

आपल्याकडची शतपावली मात्र शास्त्राच्या कसोटीस उतरली आहे. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाने २०१६ मध्ये मधुमेहींवर केलेल्या अभ्यासात, दिवसातून एकदा अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटे चालल्याने जेवणोत्तर साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी आढळली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. पूर्वजांना शाबासकी द्यायची असेल तर जरूर द्यावी, फक्त एक हिशेब करावा. शंभर पावले एका मिनिटात संपतात. दहा मिनिटांची सुमारे हजार होतात.

ती सहा गावे पुढेही संशोधकांनी सोडली नाहीत. तेथील मुले-मुली वयात आल्यावर, २०१२ साली, त्यांना बी-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला. हेतू असा, की मुलगी आई होण्याच्या आधीच तिची उणीव भरून निघावी. मुली मोठ्या झाल्या, त्यांची लग्ने झाली, आणि १९९३ साली ज्यांच्या आजीची नोंद झाली होती, त्या बाळांचीही वजने घेण्यात आली. गोळीत घातलेले बी-१२ होते दिवसाला अवघे दोन मायक्रोग्रॅम. एक-दोन पेले दुधात साधारण तेवढे असते.